सुंठ

पट्टा एक भोक सैल करावा लागला
तेव्हा मी म्हटलं, वजन वाढलंय,
आणि तिची संध्याकाळची पोळी बंद केली.
हे आधी सांगून टाकतो.
पंधरा दिवस एका गाठीपायी तिला अर्धपोटी ठेवलं,
आणि ती पायपुसण्यावर बसून
माझ्या ताटाकडे बघायची.
तक्रार नव्हती, नुसती नोंद.

नाव सुंठ. रंगावरून.
दापोडीच्या पुलाखाली, सिमेंटच्या पाइपात सापडलेली.

मग खोकला. कोरडा, रात्री दोनला,
घशात पीस अडकल्यासारखा.
वरचे घाटपांडे जिन्यात म्हणाले,
"सुंठीलाच खोकला? कमाल आहे,"
आणि स्वतःच्या विनोदावर दोन मजले हसत गेले.
मीही हसलो.
ती म्हण पुढे कुठे जाते
ते कुलूप काढताना लक्षात आलं.

एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात
मी तोफगोळ्यांचा घेर मोजला.
गेजमध्ये बसला तर पास, नाहीतर लाल खडू.
व्हर्नियर अजून आहे, तेल लावून, फडक्यात.
त्या रात्री काढला. केस बाजूला केले.
अडतीस मिलिमीटर. डावीकडे, श्वासनळीला लागून.
तिने मान वर धरली, खाजवतोय असं वाटून.
पुढचा तक्ता माझ्याकडे नव्हता.

औंधला यायला तीन रिक्षावाले नाही म्हणाले.
चौथा म्हणाला, "माझ्याकडे दोन आहेत, बसा,"
आणि ब्रेमन चौकातल्या सिग्नलला
आरशातून तिलाच विचारलं,
"काय गं, काय झालं?"

डॉक्टर तांबोळींनी बोटं ठेवली, डोळे मिटले,
गाठ इकडे ढकलली, तिकडे ढकलली.
"हलते," म्हणाल्या.
आमच्याकडे हललेला माल म्हणजे दोष.
इथे हलते म्हणजे मुळं धरलेली नाहीत,
सोडवून घेता येईल.
"कुत्र्यांमधली ही गाठ बहुतेक वेळा वाईटच निघते,"
हेही त्यांनी सांगितलं, चष्मा पुसत,
म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.
छातीचा एक्स-रे उजेडावर लावला.
फुप्फुसं स्वच्छ.
निदान त्या गुरुवारी.

उजव्या बाजूलाही एक निघाली, हरभऱ्याएवढी.
दोन्हीकडची ग्रंथी गेली.
गळ्यावर सतरा टाके, चार दिवस कॅल्शियम,
पाय थरथरले तर लगेच फोन करा.
मी रात्रभर पायांकडे बघत बसलो.
झोपेत ती कुणाच्या तरी मागे धावत होती,
आणि मला कळेना
ही थरथर की स्वप्न.

भुंकणं बदललं. आता बाजूच्या खोलीतून
आल्यासारखं येतं.
पोस्टमन फसतो, आत येतो.

कुंदाची थायरॉइडची गोळी,
पहाटे साडेपाचला, उपाशीपोटी, एकोणीस वर्षं.
आता सुंठीलाही तीच.
कुंदाला पन्नासची,
सुंठीला पाचशे, दिवसातून दोनदा.
"मला पन्नास आणि तिला पाचशे?"
कुंदा चिठ्ठी लांब धरून वाचत म्हणाली,
"या घरातली माझी किंमत एकदा लेखी मिळाली."
मग गोळी घेऊन दोघी थांबतात,
एक चहासाठी, एक पोळीसाठी,
ओट्यापाशी, न बोलता.
मध्येच कुंदा स्वतःचा गळा चाचपते.
मी पेपर वाचत असल्याचं दाखवतो.

खोकला गेलाय. सुंठ आहे.
हे मी घाटपांड्यांना अजून सांगितलेलं नाही.
दर तीन महिन्यांनी एक्स-रे,
पुढचा चतुर्थीनंतर.
व्हर्नियर फडक्यात परत गेलेला नाही,
टीव्हीच्या बाजूला असतो.

पट्टा पहिल्या भोकावर आणता येईल आता.
आणत नाही.
सैल आहे, आत दोन बोटं जातात.
रोज घालून बघतो.